जुन्या ड्रम सेटला जादा टॉम जोडताना माप कसं ठरवायचं

सांगली-मिरज भागात जुने ड्रम सेट अजून बऱ्यापैकी सापडतात. काही बंद पडलेल्या ऑर्केस्ट्रांचे, काही चर्चमधले, काही बँडवाल्यांच्या माळ्यावरचे. बहुतेक चार नगांचे: बेस, स्नेअर (खाली तार लावलेला), वरचा एक टॉम आणि फ्लोअर टॉम (जमिनीवर पायांवर उभा). वाजवणाऱ्याला पुढे आणखी एक टॉम हवासा वाटतो, आणि गाडी इथेच उलटी सुटते. कोल्हापुरात नाहीतर पुण्यात कुणाकडे तरी स्वस्तात टॉम आहे असं कळतं, तो आणला जातो, आणि मग हेड (ड्रमवरचा पडदा) का बसत नाही, टांगायचा कशावर, शेजारच्या टॉमसारखाच का वाजतोय, याची शोधाशोध सुरू होते. शेवटी बेस ड्रमला भोक पाडून विषय संपवतात. ते भोक परत बुजत नाही आणि सेटची किंमत मात्र त्याच दिवशी पडते.

खालचा क्रम मोडू नका. खरेदी सातव्या टप्प्यावर आहे, ती तिथेच राहू द्या.

## १. हातातला सेट मोजा

लागेल ते: शिंप्याचा टेप, स्टीलची पट्टी, व्हर्निअर, ड्रमची चावी आणि वही.

दोन्ही टॉमच्या रिम (हेड दाबून धरणाऱ्या कड्या) आणि हेड काढा. रिमसकट मोजलेलं माप कामाचं नसतं. शेलभोवती, म्हणजे ड्रमच्या लाकडी पिंपाभोवती, टेप गुंडाळून घेर घ्या. शेल नावाच्या मापापेक्षा किंचित बारीक असतो, साधारण पाव सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे हेडची रिंग त्यावर मोकळी बसते. हे धरून घेर साधारण असा भरतो:

१० इंची: ७९ सेंमी
१२ इंची: ९५ सेंमी
१३ इंची: १०३ सेंमी
१४ इंची: १११ सेंमी
१६ इंची: १२७ सेंमी

सेंटिमीटरभर इकडेतिकडे झालं तर घाबरू नका, दोन मापांमध्ये आठ सेंटिमीटरचं अंतर आहे. पण प्रीमियरचा जुना सेट असेल तर जपून. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत या ब्रिटिश कंपनीचे शेल आजच्या मापांपेक्षा जरासे मोठे असायचे. अशा शेलवर बाजारातलं नेहमीचं हेड चढत नाही, चढलं तर कडेला अडकतं. तुमचा सेट त्यातला असेल तर जादा टॉमही त्याच काळातल्या प्रीमियरचा शोधावा लागेल, किंवा दोन मापांची हेड आयुष्यभर वेगवेगळी सांभाळावी लागतील. मी दुसरा मार्ग घेईन, कारण निदान नव्या टॉमची हेड तरी सहज मिळतात.

मग शेलची उंची मोजा, कडेपासून कडेपर्यंत. १९६० आणि ७०च्या दशकांतल्या सेटमध्ये १२ इंची टॉम बहुधा ८ इंच उंच, १३ इंची ९ इंच आणि १६ इंची फ्लोअर १६ इंच उंच भरतो.

सावधान: जुन्या अमेरिकन कॅटलॉगमध्ये उंची आधी आणि व्यास नंतर लिहितात, बऱ्याच नव्या जाहिरातींत उलट. "९ बाय १३" आणि "१३ बाय ९" हा एकच टॉम असू शकतो. "१४ बाय १२" असं कुणी लिहिलं की व्यास कुठला ते फोनवर विचारून घ्या, अंदाज बांधू नका.

शेवटी प्रत्येक टॉमवर किती लग (शेलवरचे धातूचे ठोकळे) आहेत ते मोजा आणि एक टेन्शन रॉड (लगमध्ये बसून हेड ताणणारा लांब स्क्रू) काढून बाजूला ठेवा. अमेरिकन सेटचे आटे बहुतेक सारखे असतात, जुन्या ब्रिटिश आणि जर्मन सेटचे वेगळे. हा रॉड खरेदीच्या दिवशी खिशात असू द्या.

## २. आहेत ते टॉम आधी नीट लावा

हा टप्पा सगळे वगळतात. वरच्या हेडवर आठ वर्षांचे डाग, खालचं हेड सेट आला तेव्हाचं, आणि तक्रार अशी की "दोघांच्या मधला आवाज मिळत नाही". मेलेल्या हेडवर मधला आवाज कुठून मिळणार?

दोन्ही टॉमना वर-खाली नवी हेड घाला, दोन्हीकडे एकाच जातीची. जुन्या शेलना एका थराचं, पांढऱ्या कोटिंगचं हेड चांगलं बोलतं. दोन थरांची जाड हेड स्टेजवर टिकतात खरी, पण त्यांच्यावर जुन्या आणि नव्या शेलचा फरक कळत नाही, आणि आपल्याला तर तो कळायलाच हवा आहे.

आता प्रत्येक टॉमचे तीन सूर वहीत लिहा:

खालचा, म्हणजे ज्याच्या खाली हेड फडफडतं.
बरा, म्हणजे जिथे टॉम सगळ्यात मोकळा बोलतो.
वरचा, म्हणजे ज्याच्या वर आवाज लाकडासारखा टकटक होतो.

सूर मोजायला मोबाइलवरचं हर्ट्झ दाखवणारं ट्यूनर चालतं. स्नेअरची तार सोडा, बाकीच्या ड्रमवर टॉवेल टाका, आणि टॉमच्या मध्याजवळ हलक्या हाताने मारा. कडेला मारलंत तर ट्यूनर वरचा उपस्वर पकडतं आणि आकडा फसवा येतो. घरात पेटी असेल तर तिच्यावर सूर जुळवून पाहा, कानाला ते सोपं जातं.

तपासा: वरचा टॉम थोडा चढवून आणि फ्लोअर थोडा उतरवून तुमचं काम भागतंय का? निम्म्या लोकांची गरज इथेच मिटते असं माझं मत आहे. मिटली तर पुढचं वाचू नका, पैसे वाचले.

## ३. पोकळी कुठे आहे ते सुरात पाहा

माप इंचात विकत घ्यायचं असलं तरी ठरवायचं सुरात. समजा तुमच्याकडे १३ आणि १६ आहेत. फ्लोअर ८० हर्ट्झवर बरा बोलतो आणि वरचा टॉम १२० वर. फ्लोअरला सा धरलं तर वरचा टॉम पंचमावर येतो. आता जादा टॉम तीन ठिकाणी बसू शकतो.

दोघांच्या मध्ये. गंधार हवा, म्हणजे १०० हर्ट्झ. हा सूर १४ इंची टॉम आरामात देतो. वरून खाली उतरणारे रोल भरायचे असतील, जुन्या हिंदी गाण्यांचे फिल (ओळींमधले भरणीचे तुकडे) वाजवायचे असतील तर हीच जागा. फ्लोअरसारखा पायांवर उभा १४ बाय १४ घेतलात तर बेस ड्रमला हातही लावावा लागत नाही.

दोघांच्या वर. १२ इंची टॉम १४४ हर्ट्झवर लावला तर कोमल निषाद मिळतो. १२, १३ आणि १६ ही १९७०च्या दशकातली ओळखीची जोडणी. तिचा दोष असा की वरचे दोन जवळ राहतात आणि फ्लोअर लांब पडतो. तुमची तक्रार "मध्ये मोठी उडी आहे" अशी असेल तर १२ घेऊन ती तक्रार तशीच राहते. हीच सगळ्यात जास्त होणारी चूक. फोटोत दोन टॉम शेजारी शेजारी देखणे दिसतात म्हणून १२ घेतला जातो आणि उडी होती तिथेच.

दोघांच्या खाली. १८ इंची फ्लोअर ६० हर्ट्झवर, म्हणजे मंद्र पंचम. ऐकायला भारी. पण हा सूर बेस ड्रमच्या आणि बेस गिटारच्या अंगावर येतो, आणि यात्रेच्या मैदानावर चार बॉक्सच्या साउंडमध्ये नुसती घूं घूं ऐकू येते. बंद हॉलमध्ये वाजवणाऱ्यानेच याचा विचार करावा.

लेझीम किंवा ढोलाचा ठेका ड्रमवर वाजवणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात हा ठेका फ्लोअर टॉमवरच येतो, आणि एकाच फ्लोअरवर दोन्ही हात अडकतात. अशांना शेजारी १४ इंची दुसरा फ्लोअर मिळाला की घुमारा १६वर आणि चाट १४वर वाटून घेता येते. या कामासाठी मला १४ सोडून दुसरं काही सुचवावंसं वाटत नाही.

१२ आणि १४चा छोटा सेट, २० इंची बेससह, असेल तर हिशोब बदलतो. १४ इंची १०८ वर आणि १२ इंची १४४ वर असले तर दोघांत सा-मचं अंतर आहे, मध्ये काही कोंबायची गरज नाही. खाली १६ इंची ८१ वर घ्या, पुन्हा तेच सा-मचं अंतर मिळतं आणि तिन्ही टॉम एका पायरीने उतरतात. वर १० इंची घेण्याचा मोह होतो. १९६०च्या दशकातल्या सेटमध्ये १० इंची टॉम क्वचितच सापडतो, आणि आजचा १० इंची त्या शेलांच्या शेजारी चिमणीसारखा वाजतो.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. माप सारखं म्हणजे सूर सारखा असं नाही. लुडविग या अमेरिकन कंपनीच्या हॉलीवूड सेटमध्ये वर दोन्ही टॉम १२ इंचीच असायचे, एक चढा आणि एक उतरता लावून वाजवायचे. तुम्हाला योग्य माप मिळत नसेल आणि दुसऱ्या टप्प्यातल्या वहीत तुमच्या टॉमचा पल्ला मोठा दिसत असेल, तर त्याच मापाचा दुसरा टॉमही चालतो.

तपासा: ठरवलेला सूर ऑक्टोपॅडवर (इलेक्ट्रॉनिक पॅडच्या वाद्यावर) वाजवून पाहा. बहुतेक ऑर्केस्ट्रावाल्यांकडे ऑक्टोपॅड असतोच. एका पॅडवर टॉमचा आवाज घ्या, त्याचा पिच ठरवलेल्या सुरावर आणा, आणि पॅड जादा टॉमच्या जागी ठेवून दोन तालमी वाजवा. तालमीत त्या पॅडवर हात किती वेळा जातो तेही बघा. जात नसेल तर तुम्हाला टॉम नको आहे, नवीन क्रॅश झांज हवी आहे.

## ४. जागा मांडून पाहा

पुठ्ठ्याची चकती कापा, ठरवलेल्या मापाची, आणि स्नेअरच्या जादा स्टँडवर ठेवून सेटमध्ये बसवा. पूर्ण सेट मांडून, नेहमीच्या स्टुलावर बसून.

तीन गोष्टी पाहायच्या. राइड झांज किती लांब गेली? वरचे दोन टॉम शेजारी आले की राइड उजवीकडे सरकते आणि तासाभराने खांदा बोलायला लागतो. दुसरं, चकतीची कड कोपराच्या वर जातेय का? २२ इंची बेस जमिनीपासून ५६ सेंटिमीटर वर येतो. त्यावर थोडी जागा सोडून ८ इंच खोल टॉम टांगला तर ठीक, पण १९८०च्या दशकातला ११ इंची खोल टॉम टांगला तर साडेसात सेंटिमीटर आणखी वाढतात. तेवढ्यात मनगट वाकडं होतं. २४ इंची बेस असेल तर वर दुसरा टॉम टांगायचा विचार सोडा, फ्लोअरच घ्या.

तिसरं, गाडी. छोट्या हत्तीत साउंडचे बॉक्स, पेटी, ऑक्टोपॅड आणि पाच माणसं भरल्यावर १८ इंची फ्लोअरची बॅग कुठे ठेवणार ते आधीच बघून ठेवा.

## ५. उंची, कड आणि लाकूड

यावर चर्चा फार होते, निर्णय मात्र झटपट घ्यायचा.

उंची शेजारच्या टॉमच्या प्रमाणात ठेवा. १३ बाय ९च्या शेजारी १२ बाय ८ बसतो. १२ बाय १० बसत नाही, त्याचा आवाज एक क्षण उशिरा उठतो.

कड पाहा. जुन्या शेलची कड बहुधा गोलसर असते, नव्याची धारदार. गोल कडेवर आवाज जाड आणि आखूड येतो, धारदार कडेवर लांब आणि चकचकीत. नवा टॉम जुन्या सेटला जोडायचा असेल तर त्यावरही कोटिंगचं एका थराचं हेड घाला आणि वर थोडा कापडी टेप लावा, फरक बराच झाकला जातो. कड घासून गोल करायला नेहमीच्या सुताराकडे देऊ नका. लाकूड तासणं आणि कड सपाट ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत. काचेवर पालथं ठेवून खालून उजेड दिसणार नाही, इतकी सपाट कड लागते.

लाकडाच्या थरांची संख्या जुळत असेल तर छान, नसेल तर त्यासाठी अडून बसू नका. रॅपचा (शेलवरच्या रंगीत आवरणाचा) रंग जुळवायच्या मागे तर अजिबात लागू नका. पन्नास वर्षांच्या पिवळट पडलेल्या पांढऱ्याशी नवा पांढरा जुळत नाही. सरळ काळा घ्या.

## ६. टांगायचं कसं ते खरेदीआधी ठरवा

बेस ड्रमला नवं भोक नाही. वरच्या टॉमला नवं भोक नाही. हे दोन नियम धरले की तीन मार्ग उरतात.

पायांवर उभा फ्लोअर: सगळ्यात सोपा.

स्नेअरच्या स्टँडवर: १३ आणि १४ इंची टॉम छान बसतो. १२साठी स्टँडचे पंजे तेवढे मिटतात का ते आधी पाहा. पंजे घट्ट आवळले तर खालचं हेड गुदमरतं, म्हणून नुसते टेकवा.

झांजेच्या स्टँडला क्लॅम्प आणि टॉमला सस्पेन्शन माउंट: हे माउंट टेन्शन रॉडला अडकतं, शेलला भोक लागत नाही. मात्र ते टॉमच्या मापाप्रमाणे आणि लगच्या संख्येप्रमाणे मिळतं. पाच लगचं माउंट सहा लगच्या टॉमला बसत नाही. पहिल्या टप्प्यात लग मोजायला सांगितलं ते यासाठी. स्टँडचा एक पाय टॉमच्या बाजूला येईल असा फिरवा, नाहीतर पहिल्या जोरदार फिलला स्टँड आडवा.

जुन्या ब्रॅकेटचा दांडा आणि नव्या टॉमचं भोक हाही घोळ होतो. जुने अमेरिकन दांडे बऱ्याचदा ३/८ इंच, म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. नवे बहुधा साडेदहा किंवा त्याहून जाड. व्हर्निअर लावून लिहून घ्या. मिलिमीटरचा फरक असेल तर कुपवाड एमआयडीसीत एखाद्या लेथवाल्याकडून पातळ बुश करून घ्या, हे अर्ध्या तासाचं काम आहे. साताऱ्यातल्या मंडळींना हेच त्यांच्या एमआयडीसीत जमेल. दांड्याला कापड गुंडाळून आवळू नका, कार्यक्रमाच्या मध्यात टॉम मान टाकतो.

## ७. खरेदीच्या दिवशी

सोबत न्या: टेप, चावी, तुमचा टेन्शन रॉड, टॉर्च, आणि ठरलेल्या मापाचं एक नवं हेड. हेड नेणं हाच खरा दाखला. शेलवर ते मोकळं फिरलं आणि चहूबाजूंनी सारखं अंतर राहिलं तर माप बरोबर आणि शेल गोल. एका बाजूला चिकटलं, दुसरीकडे पोकळ राहिलं, तर शेल अंडाकृती झालाय. तो सरळ होत नाही. सोडून द्या.

रॉड लगमध्ये बोटाने फिरवून पाहा. चावी लावायची नाही. बोटाने तीन-चार फेरे गेला तर आटे जुळतात. जोर लावून घुसवला तर लगचा नट फुकट.

आता आपल्या भागाची खास तपासणी. २००५, २०१९ आणि २०२१च्या कृष्णेच्या पुरात तळमजल्यावरची बरीच वाद्यं भिजली. वरून पुसून, रिमला पॉलिश मारून ती विकायला येऊ शकतात, आणि विकणाऱ्याला स्वतःलाच ठाऊक नसतं असंही होतं. एक लग उघडून बघायला मागा. दोन स्क्रू काढले की लग हातात येतो. आत स्प्रिंग असते, तिच्यावर जुन्या काळी कापसाचा बोळा किंवा फोमचा तुकडा ठेवलेला असायचा, थरथर होऊ नये म्हणून. बोळा राखाडी, धुळकट असेल तर ते वयाचं लक्षण, चालेल. तो चॉकलेटी, कडक झाला असेल, चिमटीत चुरला की बारीक गाळ बोटाला लागत असेल आणि स्प्रिंगवर गंजाची पापडी असेल, तर टॉम पाण्यात गेलाय.

मग टॉर्च शेलच्या आत धरा. थरांच्या जोडावर, विशेषतः कडेजवळ, केसासारखी रेघ किंवा फुगवटा दिसतो का? बोटाच्या पेराने आतून सगळीकडे टकटक करा. एके ठिकाणी आवाज पोकळ आला तर थर सुटलाय. छोटा सुटलेला भाग सुतारी डिंक भरून, क्लॅम्प लावून बसवता येतो. कडेवर सुटला असेल तर घेऊ नका, कितीही स्वस्त असला तरी.

सावधान: विकणारा हेड काढू देत नसेल तर तिथूनच परत फिरा. "सुस्थितीत आहे, कालच वाजवला" हे ऐकून घ्या, हसा, आणि निघा.

शेलवर आधीच जादा भोकं असतील तर भाव कमी करायला ते चांगलं निमित्त आहे. जादा टॉमच्या आवाजात एखाद्या भोकाने फरक पडत नाही. आपला जुना सेट जपायचा आहे, नवा पाहुणा थोडा जखमी असला तरी चालतो.

## ८. घरी आणल्यावर

लग उघडून साफ करा, जुने बोळे काढून फोमचे तुकडे घाला. आटे ब्रशने झाडून ग्रीसचा एक थेंब. हेड चढवा आणि सगळे रॉड बोटाने टेकेपर्यंत फिरवा. मग समोरासमोरची जोडी धरून चावीने अर्धा-अर्धा फेरा. एका बाजूने गोल गोल आवळत गेलात तर हेड तिरपं बसतं आणि नंतर कितीही जुळवा, सूर फाटतो.

लावताना जुन्या दोन टॉमना हात लावू नका. त्यांचे बरे सूर वहीत आहेत, तिथेच राहू द्या, आणि नव्याला ठरलेल्या सुरावर आणा. नवा टॉम तिथे गुदमरत असेल तर आधी खालचं हेड थोडं चढवा, वरचं आहे तसं ठेवा. तेवढ्यानेही मोकळा होत नसेल तर अर्ध्या सुराने खाली घ्या. गंधार जमला नाही आणि कोमल गंधार जमला तर तोही चालतो, १३ आणि १६च्या मध्ये तो कानाला खटकत नाही.

नव्या हेडचा सूर पहिल्या दोन-तीन दिवसांत उतरतोच. पहिला कार्यक्रम त्यानंतरच घ्या, आणि साउंडवाल्याला टॉमचे माइक आता तीन लागतील हे आदल्या दिवशी फोन करून सांगा.